घटनांची साखळी आणि कोंडी : इव्हेंट बसमधील डेडलॉकचे स्वरूप व उपाय

बीजसंज्ञा : इव्हेंट बस, घटना, वर्गणीदार, कुलूप, रांग, डेडलॉक

प्रस्तावना

प्रवेशप्रक्रियेच्या दिवसांत महाविद्यालयाच्या कार्यालयातील संगणकप्रणाली मध्येच थबकते. पडद्यावर दोषसंदेश उमटत नाही, संगणक बंद पडलेला नसतो, नेटवर्कही चालू असते. विद्यार्थ्याचे शुल्क जमा झालेले असते. परंतु पावती निघत नाही आणि प्रवेश निश्चित झाल्याची नोंदही होत नाही. प्रणाली बंद करून पुन्हा सुरू केली की काम चालू होते आणि प्रसंग विसरला जातो. मधल्या काळात ज्याचे शुल्क घेतले गेले पण ज्याची जागा नोंदली गेली नाही, तो विद्यार्थी मात्र खिडकीबाहेर उभा असतो. गुणवत्ता यादीचा तो अखेरचा दिवस असेल तर प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

असे थबकणे अनेक कारणांनी घडू शकते. त्यांपैकी सर्वांत फसवे कारण म्हणजे डेडलॉक, म्हणजेच परस्परांची वाट पाहण्यातून निर्माण होणारी कोंडी. एका घटनेतून दुसरी आणि दुसरीतून तिसरी घटना जन्माला घालणाऱ्या ‘इव्हेंट बस’ या रचनेत ही कोंडी कशी उद्भवते आणि ती कशी टाळता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. आजऱ्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी प्रणाली वापरणारे एकीकडे आणि ती घडवणारे दूरच्या शहरात अशी स्थिती असते. त्यामुळे दोषाचे नेमके वर्णन करता येणे ही वापरणाऱ्यांचीही गरज ठरते. शिवाय संगणकशास्त्राचे विद्यार्थी आपल्या प्रकल्पांत ही रचना सर्रास वापरतात, आणि ते प्रकल्प तपासणाऱ्या अध्यापकांना हा दोष ओळखता आला पाहिजे.

‘बस’ ही कल्पना

संगणकाच्या यंत्ररचनेत ‘बस’ म्हणजे सर्व घटकांना जोडणारा सामाईक मार्ग. प्रत्येक घटक दुसऱ्या प्रत्येक घटकाशी स्वतंत्र तारेने जोडण्याऐवजी सारे घटक एकाच मार्गावर जोडले जातात. हीच कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आणण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्यांत मुंबईत १९५७ साली जन्मलेल्या विवेक रणदिवे यांचे नाव ठळक आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी अमेरिकेत टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही संस्था स्थापन केली आणि ‘द इन्फर्मेशन बस’ ही प्रणाली वित्तीय बाजारांच्या व्यवहारकक्षांत रुजवली. १९९४ मध्ये रॉयटर्सने ती संस्था विकत घेतली. १९९७ मध्ये रणदिवे यांनी स्थापन केलेल्या ‘टिब्को’ या कंपनीचे नाव याच बसच्या आद्याक्षरांवरून आलेले आहे.

या प्रणालीच्या रचनेवरील शोधनिबंध ओकी, फ्लूगल, सीगल आणि स्कीन या चौघांनी १९९३ मध्ये संगणकाच्या कार्यप्रणालींवरील परिषदेत मांडला. त्यातील एक तत्त्व प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मूलभूत आहे. ते म्हणजे निनावी संवाद. माहिती पाठवणारा ती कोणाला पाठवायची हे सांगत नाही. तो केवळ विषय सांगतो. ज्यांनी त्या विषयाची वर्गणी भरली आहे त्यांच्याकडे ती पोहोचते. पाठवणाऱ्याला घेणारे ठाऊक नसतात आणि घेणाऱ्यांना पाठवणारा. चालू प्रणाली न थांबवता नवा घटक जोडता यावा किंवा जुना काढता यावा, हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता.

आज प्रचलित असलेल्या इव्हेंट बस लायब्ररी हे याच तत्त्वाचे घरगुती रूप होय. त्या अनेक यंत्रांना जोडत नाहीत. एकाच प्रोग्रॅमच्या आत विविध विभागांना जोडतात. गुगलच्या ‘ग्वावा’ या जावा लायब्ररीत २०११ मध्ये अशी बस समाविष्ट झाली. अँड्रॉइड, गो, नोड अशा बहुतेक प्रांगणांत तिचे भाईबंद आहेत. वर्तमानपत्राची उपमा येथे सहज सुचते: एक प्रकाशक, अनेक वर्गणीदार. परंतु ही उपमाच पुढील गोंधळाचे मूळ आहे. वर्तमानपत्र छापून गेल्यावर वर्गणीदार ते केव्हा वाचतो याच्याशी प्रकाशकाला कर्तव्य नसते. प्रोग्रॅममधील बस मात्र पुष्कळदा प्रत्येक वर्गणीदाराचे वाचन पूर्ण होईपर्यंत प्रकाशकाला जागीच उभे करते. बाहेरून ते टपाल दिसते. प्रत्यक्षात तो साधा फंक्शन कॉल असतो. हा फरक ज्याच्या ध्यानात आला नाही त्याच्या हातून कोंडी घडण्याची शक्यता मोठी असते.

एकाच कुलपाची कोंडी

उदाहरणादाखल एका काल्पनिक प्रवेशप्रणालीचा विचार करू. तिच्यात ‘शुल्क जमा’, ‘प्रवेश निश्चित’ आणि ‘ओळखपत्र तयार’ अशा घटना आहेत. ‘शुल्क जमा’ या घटनेचे वर्गणीदार दोन: प्रवेश विभाग आणि लेखा विभाग. प्रवेश विभागाचा हँडलर जागा नोंदतो आणि लगेच ‘प्रवेश निश्चित’ ही नवी घटना प्रकाशित करतो. हीच घटनांची साखळी.

बसकडे वर्गणीदारांची एक यादी असते. एकाच वेळी अनेक थ्रेड त्या यादीत फेरफार करू लागले तर ती बिघडेल, म्हणून यादीला कुलूप असते. नवखा ग्रंथकार प्रकाशनाचे कार्य साधारणपणे असे लिहितो: कुलूप लावा, यादी काढा, यादीतील प्रत्येक हँडलर चालवा, कुलूप उघडा. एकेकटी घटना तपासली असता हे निर्दोष चालते. परंतु ‘शुल्क जमा’चा हँडलर चालू असताना, म्हणजे कुलूप लावलेले असतानाच, त्याने ‘प्रवेश निश्चित’ प्रकाशित केले की बस पुन्हा तेच कुलूप मागते. कुलूप ज्याच्या हाती आहे तोच ते सुटण्याची वाट पाहू लागतो. किल्ली कमरेला लावून किल्लीवाल्याची वाट पाहत दाराशी बसावे, तसा हा प्रकार होय.

डेडलॉकसाठी दोन पक्ष लागतात अशी सार्वत्रिक समजूत आहे. डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये या स्थितीला ‘घातक मिठी’ म्हटले, आणि मिठीला दोघे लागतात, हे त्या समजुतीचे एक कारण असावे. १९७१ मध्ये कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी डेडलॉकच्या चार आवश्यक अटी नोंदवल्या: साधन एका वेळी एकालाच मिळणे, एक साधन धरून दुसऱ्याची वाट पाहणे, साधन बळाने काढून न घेता येणे आणि वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ पूर्ण होणे. वर्तुळात किती बिंदू असावेत यावर बंधन नाही. इव्हेंट बसमधील सर्वाधिक आढळणारी कोंडी एकाच बिंदूची असते.

पुनःप्रवेशी कुलपाचा मोह

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे पुनःप्रवेशी कुलूप. म्हणजे ज्या थ्रेडकडे कुलूप आहे त्याला ते पुन्हा घेऊ देणे. जावातील ‘सिंक्रोनाइज्ड’ स्वभावतःच तसे आहे. गो भाषेतील म्युटेक्स मुद्दाम तसे ठेवलेले नाही. त्यामुळे जावात लिहिलेली बस गो भाषेत जशीच्या तशी उतरवली की कालपर्यंत चालणारी साखळी आज थांबते, आणि दोष नव्या भाषेला दिला जातो. खरे पाहता गो भाषेने आधीपासूनच असलेला दोष उघड केलेला असतो.

पुनःप्रवेशी कुलपाने तीन प्रश्न शिल्लक राहतात. पहिला यादीचा. हँडलर आपली वर्गणी रद्द करू लागला तर ज्या यादीतून बस पुढे सरकत आहे तीच यादी पायाखालून हलते. दुसरा प्रश्न क्रमाचा. लेखा विभाग दोन्ही घटनांचा वर्गणीदार असेल, तर त्याला ‘प्रवेश निश्चित’ आधी कळते आणि ‘शुल्क जमा’ नंतर. कारण पहिल्या घटनेच्या यादीत तो दुसरा होता आणि त्याची पाळी येण्यापूर्वीच आतली घटना संपूर्ण वाटली गेली. शुल्काआधी प्रवेश झालेला पाहून लेखा विभागाने नोंद नाकारली तर त्याला दोष कसा देणार? तिसरा प्रश्न दोन थ्रेडचा. पहिल्या थ्रेडने बसचे कुलूप धरले असून त्याच्या हँडलरला खतावणीचे कुलूप हवे आहे. दुसऱ्याने खतावणीचे कुलूप धरून घटना प्रकाशित केली असून त्याला बसचे कुलूप हवे आहे. पुनःप्रवेशाची सवलत येथे निरुपयोगी ठरते.

वाचक-लेखक कुलूप हा याच मोहाचा अधिक सूक्ष्म प्रकार. प्रकाशनाच्या वेळी यादी केवळ वाचली जाते आणि वाचणारे कितीही असू शकतात. म्हणून एकात एक प्रकाशन चालते. चाचणीत सारे सुरळीत दिसते. परंतु वाचक अखंड येत राहिल्याने लेखकाची उपासमार होऊ नये म्हणून गो भाषेतील अशा कुलपात लेखक दाराशी आला की नवे वाचक त्याच्या मागे थांबवले जातात. आता बाहेरचे प्रकाशन चालू असताना नेमक्या त्या क्षणी कोणी नवी वर्गणी नोंदवू पाहिले, तर लेखक बाहेरच्या वाचकासाठी थांबतो, आतला वाचक लेखकासाठी थांबतो आणि बाहेरचा वाचक आतल्यासाठी. वर्षातून एखादेच वेळी घडणारी ही कोंडी सर्वांत वाईट, कारण तिची पुनरावृत्ती प्रयोगशाळेत करून दाखवता येत नाही. गो भाषेच्या अधिकृत दस्तऐवजात अशा कुलपाचे एकात एक वाचन निषिद्ध मानले आहे. तो निषेध पुष्कळांच्या वाचनातून सुटतो.

परक्या हाती सूत्रे देण्यापूर्वी

यावरील मूलभूत उपाय वस्तुतः साधा आहे. कुलूप लावून यादीची प्रत काढावी, कुलूप उघडावे आणि मग त्या प्रतीतील हँडलर चालवावेत. जावाच्या २००४ मधील पाचव्या आवृत्तीत आलेली ‘कॉपी-ऑन-राइट’ यादी हेच काम करते, आणि नोडमधील इव्हेंट एमिटरही हँडलरांची प्रत काढूनच पुढे जातो. याची किंमत एवढीच की, नुकतीच वर्गणी रद्द केलेल्या हँडलरला एखादी घटना उशिरा मिळू शकते. ती त्याने निमूटपणे सोडून द्यावी.

जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’ या ग्रंथाच्या २००८च्या दुसऱ्या आवृत्तीत घटना पाहणाऱ्या निरीक्षकांचेच उदाहरण घेऊन हे तत्त्व मांडले आहे. आपल्या कुलपाच्या आत असताना परक्याने लिहिलेल्या कोडच्या हाती नियंत्रण देऊ नये, असा त्याचा आशय. परका काय करील हे आपल्याला ठाऊक नसते. इव्हेंट बसमध्ये तर ते ठाऊक नसणे हेच रचनेचे तत्त्व आहे. रणदिवे यांच्या बसने ज्या निनावीपणाला गुण मानले तोच गुण येथे अंगाशी येतो: कोण कोणासाठी थांबले आहे हे कोडमधून दिसेनासे होते.

बस निर्दोष झाली तरी प्रकाशकाचे स्वतःचे कुलूप उरतेच. खतावणीचे कुलूप धरून कोणी घटना प्रकाशित केली तर बसला त्याची जाणीव होत नाही. म्हणून प्रकाशकाने कुलपाच्या आत केवळ स्थिती बदलावी, कोणती घटना घडली ते टिपून ठेवावे आणि बाहेर आल्यावर ती प्रकाशित करावी. सन मायक्रोसिस्टिम्सचे ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये चित्रपटलांच्या, म्हणजे खिडक्या आणि बटणांच्या, लायब्ररींविषयी हाच अनुभव नोंदवला. वापरकर्त्याची कृती खालून वर येते आणि प्रोग्रॅमची आज्ञा वरून खाली जाते. दोन्ही वाटांनी कुलपे घेतली तर ती परस्परविरुद्ध क्रमाने घेतली जातात. कुलपांचा एकच क्रम ठरवावा हा हॅवेंडर यांनी १९६८ मध्ये मांडलेला उपाय येथे पाळणेच शक्य होत नाही. म्हणूनच जावाच्या ‘स्विंग’ने सर्व घटना एकाच थ्रेडवर रांगेने हाताळण्याचा मार्ग धरला.

रांग आणि तिची मर्यादा

रांग हा दुसरा मोठा उपाय. हँडलरने नवी घटना प्रकाशित केली की ती तत्काळ न चालवता रांगेत ठेवायची आणि चालू हँडलर संपल्यावर काढायची. ग्वावाच्या बसमध्ये प्रत्येक थ्रेडला अशी रांग आहे. परिणामी आतली घटना बाहेरच्या घटनेचे सर्व वर्गणीदार आटोपल्यावरच वाटली जाते. लेखा विभागाचा क्रमाचा प्रश्न त्याने सुटतो आणि हँडलरच्या कुलपांचाही, कारण पुढचा हँडलर सुरू होण्यापूर्वी आधीचा बाहेर पडलेला असतो. ग्वावाच्या निर्मात्यांनीच पुढे नव्या कामासाठी ही बस वापरू नये असा सल्ला दिला आहे. मात्र तिची ही क्रमव्यवस्था अभ्यासण्याजोगी आहे.

रांगेने एक नवा धोका येतो. ‘क’ने ‘ख’ला आणि ‘ख’ने पुन्हा ‘क’ला जन्म दिला तर प्रत्यक्ष कॉलच्या रचनेत स्टॅक भरून प्रोग्रॅम आदळतो आणि दोष कळतो. रांगेत मात्र तेच चक्र अखंड फिरत राहते. संगणक व्यग्र दिसतो, पण काम पुढे सरकत नाही.

रांगेला मर्यादा घातली की कोंडी मागल्या दाराने परत येते. समजा, शंभर घटनांची रांग आहे आणि ती रिकामी करणारा एकच थ्रेड आहे. रांग भरलेली असताना त्याच थ्रेडच्या हँडलरने नवी घटना टाकू पाहिली तर तो जागेसाठी थांबतो. जागा करून देणारा मात्र तोच असतो. कोकण रेल्वेच्या मार्गाकडे पाहिले असता ही स्थिती डोळ्यांपुढे उभी राहते. १९९८ मध्ये पूर्णपणे खुला झालेला हा मार्ग मुख्यत्वे एकेरी आहे. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या केवळ स्थानकांतच एकमेकींना ओलांडू शकतात. लागोपाठच्या दोन स्थानकांतील सर्व रूळ एकमेकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाड्यांनी भरले, तर एकही गाडी हलू शकणार नाही. गाडी कितीही वेगवान असली तरी त्याने फरक पडत नाही. उपाय एकच: पुढे जागा असल्याखेरीज गाडी सोडायची नाही.

थ्रेडचा समूह वापरला तरी हेच घडते. समूहात दहा थ्रेड आहेत आणि दहाही हँडलर आपण प्रकाशित केलेल्या घटनेच्या उत्तरासाठी थांबले आहेत. त्या दहा घटना रांगेत आहेत आणि त्या चालवायला थ्रेड उरलेला नाही. ब्रायन गोएट्झ व सहकाऱ्यांच्या २००६च्या ग्रंथात याला थ्रेड-उपासमारीचा डेडलॉक म्हटले आहे. थ्रेड दहाचे वीस केले की चाचणी उत्तीर्ण होते आणि कोंडी गर्दीच्या दिवसापर्यंत पुढे ढकलली जाते. गर्दीचा दिवस म्हणजे अर्थातच प्रवेशाचा अखेरचा दिवस. डेटाबेसच्या जोडण्यांचा समूह मर्यादित असेल आणि एक जोडणी हाती धरून हँडलर दुसरी मागत असेल, तर तेथेही हाच न्याय लागू होतो.

यावरून हँडलरपुरता नियम असा निघतो: हँडलरने बसवर थांबू नये. उत्तर हवे असेल तर ते वेगळी घटना म्हणून यावे आणि उरलेले काम त्या घटनेच्या हँडलरने करावे. रांग भरली असेल तर बसने हँडलरला थांबवून न ठेवता तत्काळ नकार द्यावा. नकार मिळालेल्या घटनेचे काय, हा प्रश्न उरतो. ‘ओळखपत्र तयार’ ही घटना हरवली तर ती पुन्हा निर्माण करता येईल. ‘शुल्क जमा’ हरवून चालणार नाही. अशा घटना स्मृतीतील रांगेत ठेवूच नयेत. ज्या व्यवहारात शुल्काची नोंद डेटाबेसमध्ये होते त्याच व्यवहारात ‘पाठवायच्या घटना’ या तक्त्यात एक ओळ लिहावी आणि स्वतंत्र प्रक्रियेने ती पुढे पाठवावी. याचे बांधकाम थोडे अधिक आहे, पण वीज गेली तरी ओळ टिकते. तीच घटना दोनदा पोहोचण्याची शक्यता मात्र गृहीत धरावी लागते. म्हणून पावती क्रमांकासारखी खूण पाहून दुसरी प्रत ओळखण्याची सोय हँडलरमध्ये हवी.

कोंडी ओळखणे

डेटाबेस स्वतःच डेडलॉक सोडवतात, मग बसने तसे का करू नये, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस मूळ मांडणीनुसार एक सेकंद वाट पाहून वर्तुळ शोधतो आणि एक व्यवहार रद्द करतो. कॉफमन यांची तिसरी अट तेथे मोडता येते, कारण व्यवहार पूर्ववत करता येतो. हँडलरने विद्यार्थ्याला पाठवलेला लघुसंदेश मात्र परत घेता येत नाही. कालमर्यादेचेही तसेच. तीस सेकंदांनी हँडलर सोडून दिला तर काम झाले की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

स्वयंचलित साधनांवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. गो भाषेची यंत्रणा सर्व गोरुटीन निद्रिस्त झाले तरच डेडलॉक जाहीर करते. एखादा सर्व्हर विनंत्यांची वाट पाहत जागा असेल तर ती गप्प राहते. जावातील ‘जेस्टॅक’ कुलपांचे वर्तुळ अचूक दाखवते, परंतु थ्रेड-उपासमारीत कुलपाला धनी नसल्याने तेथे त्याला काही दिसत नाही. अशा वेळी सर्व थ्रेडची स्थिती कागदावर घेऊन कोण कशासाठी थांबले आहे ते हाताने रेखाटावे लागते. कार्यालयातील कर्मचाऱ्याने प्रणाली पुन्हा सुरू करण्यापूर्वी एवढी एक नोंद घेतली, तरी दूर बसलेल्या प्रोग्रॅमरचे अर्धे काम होते.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तपासणीची एक सोपी रीत अवलंबता येईल. प्रत्येक हँडलर कोणती घटना ऐकतो आणि कोणत्या घटना प्रकाशित करतो, याचा तक्ता प्रकल्प-अहवालात मागावा. त्यावरून बाणांची आकृती काढावी. बाण फिरून मूळ जागी आला तर विद्यार्थ्याला कारण विचारावे. त्यानंतर रांगेची मर्यादा एक आणि थ्रेडची संख्या एक ठेवून प्रकल्प चालवून पाहावा. अधिक थ्रेड आणि लांब रांगेच्या आड लपलेल्या कोंड्यांपैकी बऱ्याचशा या एका चाचणीत, परीक्षकासमोरच, उघड होतात. वाचक-लेखक कुलपाची कोंडी तेवढी तिच्या कक्षेबाहेर राहते. तिच्यासाठी हँडलर चालू असतानाच दुसऱ्या थ्रेडवरून नवी वर्गणी नोंदवणारी स्वतंत्र चाचणी लिहावी लागते.